हेराल्ड कोण चालवते?

जुन्या गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवावा लागतो. थेंब थेंब तेल गळत राहतं, आपलं लक्ष नसतं, आणि एक दिवस पाय लागून डबा सांडला की कळतं, अरे, एवढं साचलं होतं! आमच्या बुलढाण्याच्या जुन्या गाडीवाल्यांच्या मंडळाचे किस्से असेच साचलेत. आज डब्याला पाय लागलाय. ज्यांच्या पायजम्यावर डाग पडण्यासारखे आहेत, त्यांनी आधीच सरकून बसावं.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. जिनिंगवाले शेठ अध्यक्ष. गाड्या त्यांच्याकडे शेड भरून, त्यातल्या चालणाऱ्या कमी. कॉलेजातून रिटायर झालेले सर सेक्रेटरी. नियम, शिट्टी आणि स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात. बाकी येणारे-जाणारे. आणि मी. वय सत्तरीच्या पुढं, शिक्षण चौथी, गाडी हेराल्ड. आमचे हे कोर्टात नाझर होते, म्हणून गाव मला नाझरकाकू म्हणतं. नाझर गेले, काकू शिल्लक आहे.

वर्षातून एकदा, हिवाळ्यात, राजूरचा घाट अर्धा दिवस बंद ठेवतात आणि आमच्या जुन्या गाड्या खालून वर पळतात. एका वेळी एकच गाडी. झेंडा पडला की घड्याळ सुरू, वर पोचली की घड्याळ बंद. ज्याला कमी वेळ लागला त्याला कप.

कप कोणाला नको असतो? पण माझं भांडण कपासाठी नव्हतं. मला ती सीट पाहिजे होती. स्टिअरिंगमागची. तिच्यावर मी बसेन, बाकी हार, फोटो, भाषणं तुम्ही वाटून घ्या, एवढंच माझं म्हणणं. तेवढंही जड गेलं लोकांना!

*

आधी एक हलका सांगते.

पहिल्या वर्षी घाटाच्या कठड्यावर ही गर्दी! खाली मी नंबर लावून उभी. एक पागोटेवाला बाबा गाडीभोवती चक्कर मारून खिडकीशी आला.

"काय वं बाई, दुसरी गाडी कुठी हाये?"

"दुसरी नाई. माह्यी एकटीच गाडी जाते."

"मंग शर्यत कोणासंगं?"

"घड्याळासंगं."

बाबानं बराच विचार केला. मग म्हणाला, "म्हंजे पह्यला नंबर बी तुमचाच अन् शेवटला बी तुमचाच!"

मी पोट धरून हसले. हसायला नको होतं. पुढं मंडळानं मला नेमकं तेच करून दाखवलं.

*

हेराल्ड घेतली आमच्या ह्यांनी, रुबाबासाठी. एक डॉक्टर बदलून गेले, त्यांची गाडी मागच्या अंगणात मरून पडलेली. आत कोंबड्या बसायच्या. ह्यांनी ती ओढून आणली आणि घरापुढं उभी केली. दुरुस्त केली मी. भाकरी झाल्या की गाडीखाली, गाडीखालून निघाले की भाकरी. चालवायला शिकलेही मीच. ह्यांचा डावा पाय क्लचवर गेला की थरथर कापायचा. पहिला गिअर कसाबसा पडायचा. दुसरा त्यांना जन्मात पडला नाही.

पण नाझरसाहेबांच्या गाडीत स्टिअरिंगवर बाई? भर गावात? छे!

मग आमची पद्धत ठरली. घरापासून जुन्या जकात नाक्यापर्यंत हे चालवायचे. पहिल्या गिअरमध्ये. गाडी केकाटायची, लोक नमस्कार करायचे, हे मान हलवायचे. नाका ओलांडला की बाभळीआड गाडी उभी. हे उतरून इकडं, मी सरकून तिकडं. मग मेहकर असो की देऊळगाव राजा, सगळा रस्ता माझा. परतताना पुन्हा तीच बाभूळ, पुन्हा अदलाबदल.

गावात बोलणं काय? "नाझरसाहेब किती सावकाश चालवतात! जबाबदार माणूस!"

हे गेले. तेराव्याला शेठ आले. हात जोडून म्हणाले, "काकू, साहेबांसारखा ड्रायव्हर होणे नाही. आता गाडी कोण चालवन?"

मी म्हटलं, "साहेबच चालवतीन. जकात नाक्यापर्यंत."

कोणी हसलं नाही. शेठनी माझ्या भावाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाईच्या डोक्यावर परिणाम झाला का गा?"

*

गाडीसोबत दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. चौथी शिकलेल्या बाईनं ते कसं वाचावं? चित्र पाहायचं, हातातला भाग पाहायचा आणि चित्राखालची अक्षरं मुलाच्या अंकलिपीतल्या एबीसीडीला लावून पाहायची. नट, वॉशर, गॅस्केट, बेअरिंग. असं माझं इंग्रजी झालं. कोणी शिकवलं नाही. शिकवायला घरात वेळ होता कोणाला?

मुलगा संजू पुण्याला नोकरीला लागला, तिथलीच सोयरीक झाली. व्याही जरा साहेबी. घर दाखवलं, चहा दिला आणि बोलता बोलता सगळं इंग्रजीवर गेलं. मग माझी आठवण झाली.

"ताई, तुम्हाला इंग्लिश समजतं का थोडंफार?"

"समजते. पण गाडीखालचंच."

सगळे हसले. संजू कानाशी लागला, "आई, निदान थँक्यू तरी म्हण!"

आता थँक्यू त्या पुस्तकात कुठंच नव्हतं, त्याला मी काय करू? घट्ट करा, ढिलं करा, झिजलं असेल तर बदलून टाका. एवढंच होतं. तेवढ्यावर माझा संसार निघाला.

*

मंडळात नाव घातलं तेव्हा सर म्हणाले, "काकू, लेडीजसाठी आपण वेगळं बक्षीस ठेवलंय. वेशभूषेचं. गाडीशेजारी उभं राहायचं, बस."

"सर, मले घाट चढायचा हाये."

"हो हो, ते पुढच्या वर्षी बघू."

त्या दिवशी मेळावा होता मैदानावर. रांगेनं गाड्या, पॉलिश केलेल्या. माझ्या गाडीचा कार्बोरेटर तुंबला होता. हेराल्डचं अख्खं तोंड, बॉनेट-मडगार्डसकट, पुढच्या बाजूला पालथं पडतं. ते पाडलं, साडी कंबरेला खोचली आणि बसले साफ करत. कोपरापर्यंत तेल, कपाळावर काजळी, पदराचं फडकं झालेलं.

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई रांगेतून चालत आल्या आणि माझ्यापुढं थांबल्या. "ओ माय गॉड! किती ऑथेंटिक! डागसुद्धा किती हुबेहूब काढलेत!"

मी म्हटलं, "बाई, जरा पान्हा द्या इकडं." त्यांना ते आणखीनच आवडलं.

संध्याकाळी नाव पुकारलं. उत्कृष्ट वेशभूषा, पहिला क्रमांक, नाझरकाकू! दुसरी आली शेठची सून. ती मेकॅनिक बनून आली होती. नवा कोरा निळा डगला, गालावर पार्लरमधून काढून आणलेले दोन डाग. बिचारी फार चिडली होती. माझ्यापाशी आली आणि दातओठ खात विचारते, "काकू, तुमी कोणत्या पार्लरले गेल्त्या?"

*

घाटावर गाडी न्यायला अखेर परवानगी मिळाली. अट एकच, शेजारी माणूस पाहिजे. "जबाबदार पुरुष" असं सरांनी सांगितलं. मी माझ्या धाकट्या भावाला बसवलं. देविदास. देऊळघाटला वांगी-मिरच्या लावतो. गाडीतलं त्याला हॉर्नच्या पलीकडं काही कळत नाही. पण पुरुष आहे. मंडळाचं समाधान झालं.

सुरुवातीला प्रत्येक गाडीचं औक्षण करायची आमच्याकडे पद्धत. शेठाणीबाई तबक घेऊन पुढं, मागं चार सुवासिनी. प्रत्येक ड्रायव्हरला कुंकू, ओवाळणं, चिमूटभर साखर. माझ्या खिडकीशी आल्या आणि हात तिथंच थबकला. माझ्या कपाळाकडं पाहिलं. ते मोकळं. मग मागच्या बायकांकडं पाहिलं.

"थांबा हं काकू," म्हणाल्या आणि गाडीला वळसा घालून पलीकडं गेल्या. देविदासला कुंकू लावलं, ओवाळलं, साखर भरवली. मग बॉनेटला कुंकू. चारी चाकांना कुंकू. मग कोणीतरी डिकी उघडली, तर स्टेपनीलासुद्धा लावलं! गाडीत जे जे म्हणून होतं, त्या सगळ्याला लागलं. मला सोडून.

मी समोर पाहत होते. बोलले असते तर फार बोलले असते. झेंडा वर गेला. देविदास तोंडातली साखर चघळत म्हणाला,

"अक्का, सांभाळून चालव माय. काई झालं त मी वाचतो अन् स्टेपनी वाचते. तुवं काई खरं नाई."

*

आणि त्या दिवशी मी शेठला मागं टाकलं. चांगलंच टाकलं.

वर सर स्टॉपवॉच हातात धरून उभे. एकदा घड्याळाकडं पाहत, एकदा माझ्याकडं.

"काकू, घड्याळ अडकलं असणार. पुन्हा चढावं लागेल."

"शेठच्या येळी नाई अडकलं?"

"शेठच्या वेळी आकडा बरोबर आला ना!"

बरं. खाली गेले, पुन्हा चढले. या खेपेला आणखी कमी वेळ लागला, कारण आता डोकं तापलेलं होतं. सरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. झटकून पाहिलं. मग शेठसोबत जीपमागं जाऊन काहीतरी कुजबुज केली आणि परत आले. चेहरा परीक्षेचा निकाल सांगतानाचा.

"काकू, तुमच्या दोन्ही वेळी वारा मागून होता. त्यामुळं हा वेळ धरता येत नाही."

मी म्हटलं, "मंग वाऱ्याले द्या कप."

दिला नाही. वाऱ्यालाही नाही, मलाही नाही. शेठच्या कपाटात आहे. वरच्या फळीवर, डावीकडून पहिला.

*

पुढच्या वर्षी नियम आला, हेल्मेट. चांगला नियम, मी नाव ठेवत नाही. पण माझा अंबाडा! केस भरपूर, त्यावर कोणतंच हेल्मेट बसेना. बसवलं की कपाळावर टेकायचं आणि रस्त्याऐवजी माझेच गुडघे दिसायचे.

सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम, काकू. आमचा नाइलाज आहे." बोलण्यात नाइलाज होता, चेहऱ्यावर नव्हता.

घरी आले, आरशापुढं बसले आणि कातर चालवली. मानेपर्यंत साफ. आईनं माझ्या डोक्याला करडीचं तेल चोळून चोळून वाढवलेले केस. नंतर ते केस गोळा करून टाकायला मला जरा वेळ लागला. असो.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले, तर भाजीवाली पाहतच राहिली.

"अव माय! काकू, देऊळगावच्या बालाजीले देल्ले काय केस?"

"नाई वं," म्हटलं. "राजूरच्या घाटाले देल्ले."

तिनं हात जोडले. "पावन बरं तुमाले."

कसला पावतो! त्या वर्षी कप दिला सर्वात चकचकीत गाडीला. वेळ मोजलाच नाही. घड्याळाचा सेल संपला होता म्हणे!

*

आता शेवटचा. हा मागच्याच हिवाळ्यातला.

शेठचा पुतण्या बंटी, तिशीचा, पुण्याकडं पैसे भरून गाडी पळवायला शिकून आलेला. हातमोजे घालून चहा पितो. दिवाळीनंतर शेठ त्याला घेऊन घरी आले.

"काकू, तुमची हेराल्ड हलकी हाये, चढाले पळते. या वर्षी बंटीले द्या."

"शेठ, तुमच्याकडं त शेड भरून गाड्या हायेत."

"त्या चालू नाईत ना!"

"मंग चालू करा. माह्यी पण बंदच होती, कोंबड्या बसत होत्या तिच्यात."

बंटी म्हणाला, "काकू, तुम्ही किती वर्षं चालवणार आता? रिफ्लेक्सेस असतात ना..."

"हायेत," म्हटलं. "पाह्यचे हायेत काय?" तो उठून ओट्यावर जाऊन बसला.

वाटलं, मिटलं. पण शेठनी पुण्याला फोन केला. गाडीचे कागद संजूच्या नावावर. ह्यांनीच तसं करून ठेवलं होतं. बायकोच्या नावावर गाडी म्हणजे लोक काय म्हणतील! संजूचं आणि शेठचं काय ठरलं, ते मला कोणी सांगितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी संजू घाटाखाली हजर. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरगा आईला पाहायला आला! माझा नंबर लागलेला, गाडी रेषेच्या मागं उभी, इंजिन तापवून ठेवलेलं. वजन नको म्हणून टाकीत पेट्रोल मी मोजकंच ठेवते; डिकीतला रिझर्व्हचा कॉक निघतानाच फिरवायचा, तो तेवढा बाकी. मी हेल्मेट घालणार, तेवढ्यात सर धावत आले.

"काकू, दोन मिनिटं स्टेजवर या. छोटासा कार्यक्रम आहे."

स्टेजवर पाहते तर मागं बॅनर. माझा फोटो. वर लिहिलेलं, 'सत्कार सोहळा.' मला खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला. दुपारचं ऊन, आणि लोकरीची शाल! हार इतका मोठा की मान हलवता येईना. शेठाणीबाईंनी त्या दिवशी मला ओवाळलंसुद्धा. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सर मानपत्र वाचायला लागले. "बुलढाण्याची वाघीण... स्वर्गीय नाझरसाहेबांचा वारसा..."

तेवढ्यात खालून आवाज आला. माझ्या गाडीचा. हजार गाड्यांत ओळखीन मी. हाराच्या वरून मान काढून पाहिलं. माझी हेराल्ड रेषेवर आलेली. आत बंटी, हातमोजे, हेल्मेट. देविदासला उतरवून बाजूला उभं केलेलं. तो स्टेजकडं पाहत नव्हता.

मी उठायला लागले. संजूनं मागून खांद्यावर हात ठेवला. प्रेमानं ठेवला, ते मी नाकारत नाही.

"आई, बस ना. किती मान देताहेत बघ तुला! मी हो म्हणालोय त्यांना. तू आता आराम करायचा."

मानपत्र संपलं. टाळ्या. सरांनी माइक माझ्या हातात दिला. "सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत!"

खाली झेंडा पडला. गाडी सुटली. लोकांची तोंडं माझ्याकडं, कान घाटाकडं. शेठ समोरच्या सोफ्यावर पाय पसरून बसलेले.

मी माइक तोंडाशी धरला आणि डोळे मिटले.

"उचलली चांगली," म्हटलं.

लोकांना वाटलं, मी शाल-नारळाबद्दल बोलते आहे. कोणीतरी टाळी वाजवली.

"आता पूल. आता दुसरा टाकन. टाकला. उशिरा टाकला."

टाळी थांबली. घाटातून आवाज येत होता आणि मी सांगत होते.

"आता वडाचं वळण. इथी पाय काढायचा नसते. काढला. आता इंजिन गुदमरते, आइका. हां. आता उगाच रेटून राह्यला."

शेठचे पाय आखडले. सर माइकची वायर शोधायला लागले. संजूचा हात माझ्या खांद्यावरून केव्हा निघाला, मला कळलं नाही.

"आता खडीची खाण. इथून पुढं सरळ चढ हाये, इथी माह्यी गाडी सगळ्यात चांगली पळते." आवाज भरत गेला. खरंच सुरेख येत होता. मी जरा वेळ नुसतीच ऐकत राहिले.

मग म्हटलं, "आता थांबन."

थांबली.